साक्षीदाराचा अंगठा

विवाह नोंदणी कार्यालयाच्या दारात आम्ही दोघं एकदमच पोचलो आणि "आधी तुम्ही", "नाही, तुम्ही" करत तिथंच अडकलो.

"अहो, कुणीतरी आत या!" आतून माझी मावसबहीण ओरडली. "लग्न माझं आहे, लाजताय काय तुम्ही!"

मी ताईची साक्षीदार, तो नवरदेवाच्या मित्रांपैकी, त्याच्या बाजूचा. सह्या झाल्या. राहिले अंगठे. माझा ठसा यंत्रानं लगेच घेतला. त्याचा घेईना. त्यानं अंगठा पुसला, पुन्हा टेकवला... लाल दिवा.

"रेषाच नाहीत हो तुम्हाला," कारकून म्हणाले. "ठसा नाही तर दाखला नाही. पुढची तारीख घ्या."

ताईचा चेहरा उतरला. नवरदेव उद्या जहाजावर रुजू होणार होता. पुढची तारीख म्हणजे तो परत येईपर्यंत थांबणं.

"दुसरा साक्षीदार आणला तर?" ताईनं विचारलं.

"अर्जात ज्याचं नाव, त्याचाच अंगठा."

तो साक्षीदार कानापर्यंत लाल झाला.

"बघू अंगठा," मी म्हणाले. अंगठ्याचं टोक गुळगुळीत होतं, चकाकत होतं. "काय करता तुम्ही?"

"काच फुंकतो. प्रयोगशाळांसाठी. चंबू, नळ्या..."

मी रसायनशास्त्रातली. आमच्या प्रयोगशाळेतली, वाफ थंड करणारी पीळदार काचनळी आठवली. "आमच्या पीळदार नळीत काचेचा जोड कुठं आहे, मला अजून सापडलेला नाही."

"सापडू नये म्हणूनच तर अंगठे झिजवले!"

मला हसू आवरेना. असली कारागिरी करणारा माणूस एका यंत्रापुढं गुन्हेगारासारखा उभा होता!

"रेषा असतात. कातडी कोरडी पडली की दबतात," मी म्हणाले आणि कारकुनांचा चहाचा पेला उचलून त्याच्या अंगठ्याला टेकवला. "भाजलं तर सांगा हं."

"नाही कळायचं. टोकाला ऊन-गार काही कळत नाही आता."

मग पर्समधलं क्रीम लावून मी अंगठा बुडापासून टोकाकडे हळूहळू चोळू लागले. तो माझ्या बोटांकडे एकटक बघत होता.

"दुखतंय?"

"नाही... पण हे कळतंय."

माझी बोटं क्षणभर थांबली.

"टेकवा आता," मी कशीबशी म्हणाले.

हिरवा दिवा! ताईनं नवरदेवाला मिठीच मारली.

"बाई, सोडा आता त्यांचा हात," कारकून म्हणाले. "दाखला त्या दोघांचा आहे."

सगळे फोटोसाठी बाहेर पळाले. तो मात्र कारकुनांच्या टेबलापाशी रेंगाळला, आणि मीही.

"साहेब, हा अर्ज... कुठं मिळतो?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"आणि मुलगी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अजून विचारलेलं नाही."

"अहो, मग आधी विचारून तर या!"

पुरेशी निरीक्षणं हाती आल्याखेरीज मी कधी निष्कर्ष काढत नाही. त्या दिवशी मात्र मला तेवढा धीर निघेना.

"विचारा की मग," मी म्हणाले.