चौथी वाफ

हसा, हसा. ओजस, तू तर डॉक्टर होणार, तुला भूत म्हणजे पोटातला गॅसच वाटणार. पण तुमची इव्हानोव्होला कॉलेजात परतायची बस सकाळी आहे आणि मला झोप येत नाही, तेव्हा ऐका.

इचलकरंजीहून कापडाचं शिक्षण घ्यायला आलो, लग्न केलं आणि इथंच राहिलो. रशियातल्या या किनेश्मात मला अडतीस वर्षं झाली. सांगतोय ते घडलं माझ्या मित्राच्या बाबतीत. तिलाहुन त्याचं नाव, इथिओपियाचा, इथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचा. गावात परके म्हणावेत असे आम्ही दोघेच, त्यामुळे रोजचं येणं-जाणं.

तारीख होती तेरा जानेवारी २०२४, शनिवार. जुन्या पंचांगाच्या नववर्षाची रात्र. बाहेर उणे सत्तावीस. माझ्याकडे जेवून, कोटाच्या आत एक कागद जपून ठेवून, साडेनऊला तिलाहुन निघाला. काम एवढंच, घरमालकाची सही आणायची. परदेशी माणसाची नोंदणी घरमालकाच्या सहीवर चालते. महिनाअखेर मुदत संपत होती. सही नाही, तर मुक्काम नाही.

मालक गेन्नादी पेत्रोविच म्हणाला होता, "आधी बान्या, मग सही."

बान्या म्हणजे परसातलं लाकडी न्हाणीघर. बाहेरच्या खोलीत भट्टीचं तोंड आणि धुराड्याची झडप, आतल्या खोलीत तापलेले दगड आणि वाफ. निखारे विझायच्या आत झडप लावली, तर विषारी धूर आत कोंडतो आणि आतला माणूस जिवंत बाहेर येत नाही. इथं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गेन्नादीची बायको झोया मात्वेयेव्ना आदल्या मार्चमध्ये अशीच गेली. "म्हातारीनं विसरून स्वतःच झडप लावली आणि आत जाऊन बसली," असं त्यानं पोलिसांना सांगितलं. घर तिच्या नावावर होतं, ते त्याला मिळालं. पण तिलाहुननं त्या दिवशी बान्याच्या खिडकीतून पाहिलं होतं. झडप आत सारणारा हात गेन्नादीचा होता. झोया तिलाहुनला 'तिलिक' म्हणायची, दर हिवाळ्यात त्याला मोजे विणून द्यायची. तो माझ्याकडे आला, ढसाढसा रडला. आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी काही पाहिलं नाही."

तर त्या रात्री दोघांच्या वाफेच्या तीन फेऱ्या झाल्या. तिलाहुन बाहेरच्या खोलीत येऊन कपडे चढवू लागला. गेन्नादी दारातच उभा, हातात बर्चच्या डहाळ्यांची जुडी.

"कुठं निघालास? गरम देशातला माणूस आणि वाफेला भितोस?"

"पेत्रोविच, तीन झाल्या. चौथी वाफ माणसाची नसते, गेलेल्यांची असते. त्यांच्यासाठी पाणी ठेवायचं आणि निघायचं."

"हे कुणी शिकवलं?"

"झोया मात्वेयेव्नांनी."

गेन्नादी हसला. "मग तिच्या वाटची मी घेतो. ती थोडीच येणार आहे मागायला!"

"सहीचं तेवढं..."

"घाम तरी सुकू दे! कागद काय नाचवतोस? माझ्या मेहेरबानीवर राहतोयस इथं, विसरू नकोस."

आणि तो आत गेला. दार लोटलं. तिलाहुननं घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. दगड चुरचुरले. मग शांतता.

मग भट्टीजवळ काहीतरी खरखरलं.

झडप हलत होती. लोखंडी मूठ एकेक बोट आत सरकत होती. जवळ कुणी नव्हतं. भट्टीत निखारे लाल होते.

तिलाहुननं मूठ धरली. भट्टीला लागून असलेलं लोखंड... बर्फासारखं गार. ओढलं. हललं नाही.

आतून गेन्नादी ओरडला, "कोण आहे?"

मग हळू आवाजात, "झोया... बाजूला हो."

तिलाहुन दारापाशी गेला. दाराला कडी नव्हती. नुसतं ढकलायचं. त्यानं फळीवर हात ठेवला. आणि फळीच्या पलीकडून, त्याच्या छातीच्या उंचीवरून, कुणीतरी अगदी हळू बोललं.

"तिलिक... तू काही पाहिलं नाहीस ना?"

हात तिथंच राहिला.

"बाजूला हो, झोया... दार..."

मग तेही नाही.

बारा चाळीसला तो माझ्या दारात आला. अनवाणी. त्याच्याबरोबर मी गेलो. गेन्नादी जमिनीवर पालथा होता, दारापासून दोन हातांवर. रुग्णवाहिका आली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काय, ओजस? त्या विषारी धुरानं भास होतात? होतात. मीही तिलाहुनला तेच म्हणालो.

सकाळी पोलीस आला. मार्चमध्ये आलेलाच. प्रश्नही तोच. "तुम्ही काही पाहिलंत?"

तिलाहुन या वेळी बोलला. मार्चमधलं सगळं सांगितलं, रात्रीचंही सांगितलं. पोलिसानं मार्चमधलं लिहून घेतलं. रात्रीचं ऐकून पेन खाली ठेवलं. कागदावर सही झालीच नव्हती. महिनाअखेर तिलाहुननं देश सोडला. स्टेशनवर मला म्हणाला, "आता निदान झोप लागेल."

मला मात्र लागत नाही. कारण मार्चमध्ये तो रडत आला, तेव्हा त्याला गप्प राहायला मीच सांगितलं. "परक्या गावात आपण काही पाहायचं नसतं," असं म्हणालो. झोयाच्या हातचं मीही कितीदा जेवलो होतो. लाज वाटते मला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर बान्या बंद करायला मीच गेलो. दुपारचे दोन वाजले होते. टाकीतलं पाणी अजून कोमट होतं. जमीन धुवून टाकावी म्हणून आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच बादली ओतली. पाणी सगळीकडे पसरलं.

दोन जागा सोडून.

लहान पावलांएवढ्या. कोरड्या ठणठणीत.

दुसरी बादली ओतली... कोरड्याच.

टाचा, गेन्नादी पडला होता तिकडे. बोटं दाराकडे.

दारात मी उभा होतो.