भंगारातलं हेड

कॉलेज सुटलं की होटगी रोडवरच्या सिद्धेश्वरच्या गॅरेजात जायचं, हा इंद्रजीतचा उन्हाळाभरचा नेम झाला होता. फिजिक्स शिकवणारा माणूस. पण वडिलांची जुनी फियाट विकायची नाही, उलट तिला पळवायची, हे त्यानं मनावर घेतलं होतं. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. म्हणून जुन्याच इंजिनाचा ब्लॉक बोअर करून, म्हणजे त्याची भोकं रुंद करून, मोठे पिस्टन बसवले आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, भंगारातून आणलं. त्याच्या झडपा इंद्रजीतनं स्वतः घासून बसवल्या.

इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. अक्कलकोट रस्त्यावर गाडीनं अशी झेप घेतली, की शेजारी बसलेल्या सिद्धेश्वरनं दाराची कडी धरली. परत येऊन गाडी गॅरेजातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वर म्हणाला, "सर, पहाटं गाडी कुटं नेली हुती?"

"मी आत्ताच येतोय. चावी माझ्या खिशात आहे."

"मग बोनेटला हात लावा की."

पत्रा चटका बसेल इतका तापला होता. रेडिएटरमधलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. कुठंतरी वायर शॉर्ट होत असणार म्हणून इंद्रजीतनं बॅटरीच काढून घरी नेली. पुढच्या सकाळी बोनेट तसंच तापलेलं. किलोमीटरचा काटा मात्र जागचा हललेला नव्हता.

"हे हेड कुठल्या गाडीचं?"

"भंगारवाल्याला बी म्हाईत न्हाय. उघडू या."

दुपारी इंजिन उतरवून टेबलावर घेतलं. नव्याकोऱ्या पिस्टनांवर कार्बनचा जाड थर बसला होता. कडा झिजल्या होत्या, वर्षानुवर्षं चालल्यासारख्या. सिद्धेश्वरनं नखानं थर खरवडून पाहिला.

तेवढ्यात इंद्रजीतच्या बायकोचा, आरोहीचा, फोन आला.

"अहो, खाली गाडीत काय बसलाय? वर या की."

इंद्रजीतनं समोर पाहिलं. फियाट तिथंच होती, बोनेट उघडं, आत इंजिनाच्या जागी पोकळी.

"मी गॅरेजात आहे."

"काहीतरीच. बाल्कनीतून दिसताय की. उर्वीला हात करताय."

"उर्वी कुठंय?" त्यानं लेकीबद्दल विचारलं.

"गेली पळत खाली. तिला पुढं बसायचंय."

"आरोही, तिला थांबव. आत्ता."

फोनमध्ये गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग इंजिन सुरू झालं.

"किती गोड चालतंय हो आता," आरोही म्हणाली.