सखूचं सासर

कारभारीनं भाटाला बोलावलं ते एवढ्याचसाठी, की वंशावळीतून सखूचं नाव जावं. चिकलठाण्याकडचं त्याचं घरामागचं शेवटचं वावर इमारतीसाठी विकायचं ठरलं होतं, आणि बहीण असली की तिचीही सही लागते.

दोन हजार सोळाचा वैशाख होता. टँकर आठ दिवसांनी यायचा, शेजारचे मजले मात्र रोज चढत होते. माणसाला पाणी नव्हतं, सिमेंटला होतं.

भाट बद्रीनाथ ओसरीवर टेकला. त्यानं बासनातून वही काढली. कारभारीसारख्या मेंढपाळांच्या पिढ्या त्याच्याच घराण्यानं लिहून ठेवलेल्या.

"कडुबाचा ल्योक कारभारी. लेक सखू, दिली सिल्लोडकडं."

"तेवढं खोडा."

"भाट लिहितो. खोडत नाय."

दिली कुठली! बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांच्या सखूला, अंगानं हलकी म्हणून, याच वावरातल्या आटलेल्या विहिरीत दोरानं उतरवलं होतं. झरा खरवडून पाणी भरायला. वरून दरड कोसळली. पोलीस येतील या भीतीनं बापानं त्याच दिवशी विहीर बुजवली आणि पोरीचं लगीन लावून दिल्याचं गावभर सांगितलं. माती लोटताना खालून "दादा" अशी हाक आली होती. बारा वर्षांचा कारभारी माती लोटतच राहिला. पुढं बायकोलाही त्यानं हेच सांगितलं, की बहीण सासरी रुसून बसलीय. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. कारभारीच्या कपाळी चव्वेचाळीस वर्षांत साधं ढेकूळही पडलं नव्हतं.

"फुडं हाय अजून," बद्रीनाथनं पान उलटलं. "सखूचा ल्योक रामेश्वर. त्याला मामाची लेक केली..." तो अडखळला. "सृष्टी."

सृष्टी ही कारभारीची एकुलती एक पोर, विशीतली.

"कुणी लिवलं हे?"

"अक्षर माझ्या बापाचं हाय... त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली."

भावाच्या लेकीवर आत्याचा पहिला हक्क, ही त्यांच्यातली जुनी रीत. कारभारी भ्याला. मागच्या वावराकडून ओल्या मातीचा वास येत होता, आणि पाऊस तर दोन सालं धड झाला नव्हता.

"लग्नाची तिथ... कवाची घातलीय?"

"आजची."

"सृष्टे..." त्यानं हाक मारली.

आतून त्याची बायको आशाबाई आली, चांगली हसतमुख.

"ती गेली की. मागच्या दारानं वन्सं आल्या व्हत्या. सुटला म्हणायचा रुसवा एकदाचा. पोरगी सून म्हणून मागितली, चार दिवस घर दावते म्हणल्या. मी दोघींची ओटी भरली. वावरातनंच गेल्या."

"कशी... दिसत व्हती?"

"तोंडावळा तुमचाच. हातपाय मातीनं भरलेले, लई लांबून चालत आल्या असतील. टँकरचं भरलेलं पिंप रितं केलं हो त्यांनी, उभ्या उभ्या. अन् जाताना म्हणत्यात कशा, वहिनी, तहान काय भागंना."