कीलच्या मुळाशी दोन ठोके

दुपारचे तीन वाजले असतील. बोटींच्या यार्डात चिटपाखरू नव्हतं. टेकूंवर उभी केलेली ती जुनी शिडाची बोट म्हाताऱ्यानं लांबूनच ओळखली. ओळखणारच, चाळीस वर्षांपूर्वी तिचा आराखडा त्यानंच काढला होता. टोकाला निमुळती, पोटाशी भरलेली फायबरग्लासची काया, आणि बुडाखाली पात्यासारखी उतरणारी लांबलचक कील, आत शिसं भरून कायमची बंद केलेली. लोक अजूनही तिच्या रूपाचं कौतुक करायचे. तो मात्र विषय बदलायचा.

आता ती त्याच्या लेकीनं विकत घेतली होती. उद्याच्या भरतीला बोट पाण्यात. परवा लेक, जावई आणि सहा वर्षांची नात लांबच्या सफरीवर.

"मी आधी जाऊन आत बसते, बाबा," ती सकाळी फोनवर म्हणाली होती. "तुम्ही आलात की ठोकायला लागा. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे बाहेरच्यानं हातोडीनं हलकेच ठोकायचं, आतल्यानं तिथंच तळहात ठेवून हादरा जोखायचा. ठीक असेल तर एक ठोका परत द्यायचा. खराब असेल तर दोन.

शिडी लावलेली होती. "आहेस ना गं आत?"

आतून एक ठोका आला.

"बोलायला काय तोंड दुखतं का?" तो हसला आणि कामाला लागला.

ठक. आतून ठक. वीतभर पुढे. ठक. उत्तर लगेच यायचं. जरा जास्तच लगेच. पुढे पुढे तर हातोडी टेकायच्या आधीच. आपलेच कान दगा देताहेत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मग गुडघे मोडून तो कीलच्या मुळाशी, ती बुडाला जुळते तिथं, बसला.

ठक.

ठक ठक.

त्यानं पुन्हा ठोकून पाहिलं. जागा बदलली. दोन. अजून खाली. दोन.

"पुरे..." तो पुटपुटला. "कळलं गं मला..."

"काय कळलं, बाबा?"

लेक त्याच्या मागे उभी होती. हातात केबिनची किल्ली.

"तासभर ऑफिसात बसवलं हो मला. किल्लीच सापडेना त्यांना. तुम्ही कुणाशी बोलताय?"

"तू... आत नव्हतीस? इथं, कीलपाशी..."

"तिथं आतून हात तरी पोचतो का कुणाचा? तुम्हीच तर ती बंद केलीत."

त्यानं हातोडी खाली ठेवली. "ड्रिल दे."

"अहो, उद्या पाण्यात जायचीय ती!"

"दे म्हणतो ना..."

भोक पाडता पाडता, मान वर न करता, तो बोलला. "वजन कमी करायला मी आराखड्यात इथले फायबरग्लासचे दोन थर खोडले होते. अकराचे नऊ केले. साच्यावर थर चढवणारा मिस्त्री, आता हयात नाही तो, नको नको म्हणत होता. पण शिकलेला मी होतो ना..."

"आणि हे आज सांगताय?"

कापून निघालेली मनगटी घड्याळाएवढी चकती तिच्या तळहातावर पडली. तिनं नखानं एकेक थर सोडवला. ओल्या बिस्किटासारखे ते गळून पडत होते.

"नऊच्या नऊ कुजलेत. नाही जायचं, बाबा. आम्ही कुठंही जात नाही."

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. वाचली पोरं.

"थांबा..." ती अजून थर मोजत होती. "दहा... अकरा..."

शेवटचे दोन थर पांढरेशुभ्र होते, आतल्या बाजूनं नीट बसवलेले. थर चिकटवायचं रेझिन लावलं की तापतं, आणि दिवसभरात गार होऊन दगड बनतं.

हे अजून बोटांना चिकटत होतं. आणि कोमट होतं.