‘घेऊ नका’ नावाचं फोल्डर

“अण्णा, हलू नका!”

“मी न्हाई हललो. खुर्ची हलली.”

“खुर्ची आपोआप हलते काय?”

शिवकन्या स्टुलावर उभी राहून कॅमेऱ्यातून बघत होती. समोर, लाल पडद्यापुढे, तिचे अण्णा बसले होते. अंबाजोगाईत वीस वर्षं स्टुडिओ चालवणारे पंचाक्षरी फोटोवाले! निम्म्या गावाच्या लग्नांचे फोटो त्यांनी काढले होते, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. सुट्टीत लेकीला कॅमेरा शिकवायचा म्हटल्यावर सरावाला कुणीतरी हवंच. म्हणून आज शिवकन्येनं त्यांनाच धरून बसवलं होतं.

“दाढी तरी करून येऊ दे की!”

“अजिबात न्हाई. हनुवटी वर. अजून. आता माझ्याकडं बघा अन् हसू नका!”

नेमके तेव्हाच ते हसले. खट्!

अण्णांनी कॅमेऱ्याच्या कार्डावरूनच तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. उजेड जरा वाढवला, कानामागची सावली पुसली. तेवढ्यात लाईट गेली आणि इन्व्हर्टरही ‘पीं’ करून झोपला.

“गेला! सेव्ह केलाच नव्हता!”

“ओरडती कावून? हे सॉफ्टवेअर आपणहून जपून ठेवतं. पुन्हा उघडलं की समोर येतं बघ. उद्या करू.”

दुसऱ्या दिवशी एक लग्न होतं. अण्णांनी त्यासाठी कार्ड पुसून कोरं केलं आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या संध्याकाळी घरी येताना दोघांनी दोन किलो आंबे घेतले.

त्या लग्नाला अण्णा पोचले नाहीत. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आज नववा दिवस होता. परवा, अकराव्या दिवशी, घरी शिवगणाराधनेचा विधी. पाहुणे येणार, पण भिंतीवर लावायला अण्णांचा एकही फोटो नव्हता. स्वतःच्या लग्नातल्या फोटोत निम्मा चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला. आधारकार्डावरचा तर आईलाही ओळखू येत नव्हता. मोबाईलमधल्या फोटोंत ते कुठंतरी मागं, डोळ्याला कॅमेरा लावून उभे. काकांनी छापून आणलेल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवरही अण्णांच्या फोटोच्या जागी नुसती समई होती.

आणि स्टुडिओतलं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं!

“सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल,” कॉम्प्युटर दुरुस्त करणारा प्रविण म्हणाला. “चार वाजता सामान घेऊन येतो.”

“पुसू नका, प्रविणदादा!” शिवकन्या पुढं आली. “आत अण्णांचा फोटो हाय. सेव्ह केलेला न्हाई. हे सॉफ्टवेअर उघडलं तरच येणार तो.”

“सेव्ह न केलेला फोटो कुठं राहतो व्हय? उडाला तो कधीच!”

“प्रविणला कळतं का तुला कळतं?” बसूकाका म्हणाले. ते अण्णांचे धाकटे भाऊ. नऊ दिवसांच्या धावपळीनं त्यांचा आवाज बसला होता. “उन्हाचं फिरू नका. घरी जा.”

दोघं चहाला गेले. पण मुलं घरी जातात होय! शिवकन्येबरोबर तिचा चुलतभाऊ, बसूकाकांचा संगमेश होता आणि शेजारची प्रणिता होती.

“पुन्हा उघड,” प्रणिता म्हणाली. तिनं चष्मा पडद्याला जवळजवळ टेकवला.

शिवकन्येनं उघडलं. सॉफ्टवेअरचं चित्र आलं. त्याच्या खाली बारीक इंग्रजी ओळी भराभर बदलत गेल्या आणि मग सगळं थिजलं.

“पुन्हा!”

पाच वेळा केलं. पाचव्या वेळी प्रणिता ओरडली, “थांब! दरवेळी एकाच ओळीवर अडकतंय. ‘फॉन्ट वाचत आहे’ असं लिहिलंय तिथं.”

“फॉन्ट म्हणजे?” संगमेशनं विचारलं.

“अक्षरांचे नमुने रे. जाड, बारीक, वळणदार. पण अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी हे नीट चालू होतं,” शिवकन्या म्हणाली. “म्हणजे त्यानंतर कुणीतरी नवीन फॉन्ट टाकलेत!”

तिघांची नजर एकाच वेळी दारातल्या बॅनरवर गेली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची अक्षरं वेलीसारखी वळलेली होती. असली अक्षरं अण्णांनी कधीच वापरली नव्हती.

संगमेशनं मान खाली घातली. “बाबा तो बॅनर आधी इथंच बनवणार होते. फ्लेक्सवाल्या बंकटमामाकडनं फॉन्टची पेनड्राईव्ह आणली होती. हे उघडलं न्हाई, मग तिकडंच बनवून घेतला.”

“तू हे आत्ता सांगतो, बे?”

“मला कुणी विचारलं?”

घड्याळात सव्वातीन झाले होते. मोंढ्याजवळच्या बंकटमामाच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन यायला वेळ लागणार. तोवर प्रविण येऊन सगळं पुसून टाकणार!

“पुसायला कॉम्प्युटर चालू तर व्हायला पाहिजे ना?” संगमेश म्हणाला. त्यानं भिंतीतून कॉम्प्युटरची वायर उपटली, कमरेला करदोट्यासारखी गुंडाळली आणि वरून शर्ट सोडला. “चला!”

दोन सायकली, तीन जणं, डोक्यावर मे महिन्याचं ऊन! प्रणिता मागं बसून सारखी म्हणत होती, “खड्डा! खड्डा! अगं, खड्डा!”

बंकटमामा कुलरपुढं डुलक्या घेत होते. शिवकन्येनं एका दमात सगळं सांगितलं. ते खाडकन उठून बसले.

“फॉन्ट? बसूला मी म्हणलं होतं, एकच घे. तर तो म्हणतो, फुकट हाय तर सगळेच नेतो! सहाशे नेले पठ्ठ्यानं!” मग ते एकदम थांबले. “अरे देवा. ‘ते’ फोल्डर तर न्हाई नेलं?”

“कोणतं?”

त्यांनी आपल्या पडद्यावर बोट ठेवलं. फोल्डरचं नाव होतं, ‘घेऊ नका’.

“यात सात खराब फॉन्ट हायेत. मागच्या वर्षी यांनी माझंबी दुकान तीन दिवस बंद पाडलं होतं. कुणी चुकून घेऊ नये म्हणून मीच असं नाव दिलं.”

“अन् काकांनी ते पण घेतलं!” प्रणितानं कपाळावर हात मारला.

बंकटमामांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर सात नावं लिहून दिली. “एवढीच काढ, पोरी. बाकीच्याला हात लावू नको.”

मुलं परतली तेव्हा सव्वाचार झाले होते. प्रविण टेबलाखाली शिरला होता, काका कपाट हलवत होते.

“वायर काय उंदरानं नेली का काय?”

“न्हाई बाबा, मी,” असं म्हणून संगमेशनं शर्ट वर केला.

काकांनी हात उगारला, पण शिवकन्या मधे आली. “काका, मारायचं तर नंतर मारा. आधी सांगा, बंकटमामाकडनं ‘घेऊ नका’ नावाचं फोल्डर घेतलं का तुम्ही?”

“असं कुठं नाव असतं का? मी तर सगळंच उचललं. वाचत कोण बसतंय?”

प्रविणनं पत्रिका हातात घेऊन सातही नावं वाचली. मग त्यानं खुर्ची शिवकन्येकडं सरकवली.

शिवकन्या बसली. वायर लागली, कॉम्प्युटर सुरू झाला. तिनं फॉन्टच्या यादीतून एकेक नाव शोधून काढून टाकलं. एक, दोन... सहा, सात. प्रणिता पत्रिकेवर रेघा मारत होती. पण फोटो असेल का अजून? खरंच जपला असेल का? शिवकन्येनं सॉफ्टवेअर उघडलं.

सॉफ्टवेअरचं चित्र आलं. ओळी पळायला लागल्या. ‘फॉन्ट वाचत आहे’... आणि ओळ पुढं सरकली!

खिडकी उघडली आणि तिच्यात आपोआप एक फोटो उघडला.

लाल पडदा. दोन दिवसांची दाढी. हसू आवरता न आलेले अण्णा.

काका मटकन स्टुलावर बसले. “दादाचं नाव चांगल्या अक्षरात यावं एवढंच माझ्या मनात होतं गं. अन् त्याचा फोटोच घालवून बसलो असतो.”

“गेला न्हाई, काका. हाय,” शिवकन्या म्हणाली आणि तिनं आधी फोटो सेव्ह केला. मग पेनड्राईव्हवर. मग प्रणिताच्या पेनड्राईव्हवरही.

“आजपासून कुठलं मशीन पुसायच्या आधी तुम्हाला विचारत जाईन,” प्रविण म्हणाला. “वायरवाल्याला तर पहिलं विचारीन!”

संगमेशची छाती फुगली. काकांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि हात तिथंच ठेवला.

कुणीतरी शिवकन्येच्या आईला बोलावून आणलं. शिवकांताबाई पदर सावरत आत आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

“हेच हसू,” त्या म्हणाल्या. “कुणी काढला हा?”

“मी.”

“तुझ्या अण्णांनी वीस वर्षं फोटो काढले, पण असा एक काढला न्हाई. वाघीण हायेस!” त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा लांब श्वास सोडला.

प्रिंटर घुर्रर्र करायला लागला. कागद हळूहळू बाहेर आला. आधी कपाळ, मग डोळे, मग ते हसू. शिवकन्येनं तो दोन्ही हातांनी धरला. सगळे बघत होते, पण तिला लाज वाटली नाही.

“अण्णा,” ती मोठ्यानं म्हणाली, “तुम्ही मला लई आवडता. मी कधी म्हणलेच न्हाई.”