एक्सलचं रबर कोणी कापलं?

"माझ्या ड्रायव्हरने माझ्या बायकोचा जीव घ्यायचा प्रयत्न केला," खुर्चीत बसण्याआधीच मधुकर आजगावकर म्हणाले. "सोमवारी पोलिसांत तक्रार देणार आहे. तोवर पुरावा हवा."

नंदकुमार वर्देने वही उघडली. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. आता तो घाटकोपरच्या या एका खोलीतून खासगी तपासाची कामं करत असे. शाळेपासूनचा मित्र चंद्रप्रकाश बाजूला बशीतला चहा फुंकत होता.

हकीकत अशी. पाच महिन्यांपूर्वी आजगावकरांनी जुनी फियाट विकून नवी छोटी गाडी घेतली. हिची पुढची चाकं गाडी ओढतात. गेल्या शनिवारी ते स्वतः गाडी चालवत होते; मुलुंडच्या नाक्यावर वळताना पुढच्या चाकाकडचा एक्सलचा सांधा तुटला, गाडी आडवी थांबली आणि बाजूने टेम्पो येऊन धडकला. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी वनमालाबाईंचा डावा हात मोडला.

"सांध्यावर रबराची टोपी असते, आत ग्रीस. अपघातानंतर आलेला मेकॅनिक म्हणाला, रबर कापलेलं आहे. ग्रीस गळून गेलं, सांधा कोरडा पडून तुटला. आणि गुरुवारीच मी दत्तारामला महिन्याअखेर काम सोडायला सांगितलं होतं. नवी गाडी मीच चालवणार होतो. शुक्रवारी त्याने ब्लेड मारलं."

"मारताना कोणी पाहिलं?"

"पाहिलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

गाडी आजगावकरांच्या इमारतीच्या आवारात विटांवर चढवलेली होती. नंदकुमार सतरंजी टाकून खाली शिरला. चाक बाहेरून पुसलेलं होतं. आतल्या बाजूला मात्र काळं ग्रीस उडून बसलं होतं. थरावर धुळीचा थर, त्यावर पुन्हा ग्रीस. रबर गोल फिरून सगळीकडून कापलं होतं, कडा खरबरीत. चिमट्याने त्याने ग्रीसच्या वेगवेगळ्या थरांमधून तीन-चार चपट्या पिवळट बिया आणि नखाएवढा चकचकीत तारेचा तुकडा काढला.

"बिया? कोणाचा जेवणाचा डबा सांडला काय रे?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"सांडला असता तर एकदाच, चंदू."

आजगावकरांच्या नेहमीच्या, भांडुपच्या गॅरेजवाल्या रतनने आधी हात पुसले, मग नजर चुकवली.

"दत्ताराम आला होता मागच्या महिन्यात. चाकाला ग्रीस येतंय म्हणाला. मी म्हटलं, जास्त भरलंय, पुसून टाक. बावीस वर्षं फियाट केल्या, साहेब. ही रबरं कुठे होती तिथे? गाडीखाली वाकून बघायला पाहिजे होतं मी."

"हाच रे," बाहेर पडताच चंद्रप्रकाश म्हणाला. "गिऱ्हाईक परत यावं म्हणून स्वतःच कापलं."

"मग पुसून टाक म्हणून घरी कशाला पाठवेल?"

दत्ताराम विक्रोळीच्या चाळीत, दाराबाहेरच्या बाकड्यावर बसला होता. चौदा वर्षांची नोकरी.

"वळताना कटकट वाजायची. मी आपला पुसत राहिलो. चूक माझीच हा, साहेब."

"साहेबांच्या घरात जाता तुम्ही?"

"नाय. चावी दारातच घ्यायची, दारातच द्यायची."

"गाडीपाशी कोणाला पाहिलंत कधी?"

दत्ताराम जमिनीकडे बघत राहिला. "नाय. कोणाक नाय."

आजगावकरांच्या दिवाणखान्यात पंखा बंद होता. "फ्यूज उडालाय," ते वैतागून म्हणाले. "गणपतीत तारेचं अख्खं रीळ आणलं होतं. कुठे जातं कळत नाही."

"नव्या गाडीची पूजा केलीत?"

"छे! नारळ नाही, हार नाही. लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना मी तोंडावर हसतो."

वनमालाबाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "दत्ताराम असं करणार नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस."

रविवारी सकाळी नंदकुमारने सगळ्यांना तिथेच बोलावलं. रतन भिंतीला टेकून उभा राहिला, दत्ताराम उंबऱ्याबाहेर. टेबलावर तक्रारीचा कागद तयार होता.

"ब्लेडने एक चीर पडते," नंदकुमार म्हणाला. "इथे रबर गोल कापलंय. म्हणजे फिरत्या एक्सलला काहीतरी गुंडाळलं गेलं आणि ते घासत राहिलं. ग्रीसवर महिन्याभराच्या धुळीचे थर आहेत, आणि रतनकडे तक्रारही मागच्या महिन्यात गेली होती. गुरुवारच्या नोटिशीचा सूड आधीच्या महिन्यात कोण घेईल?"

"मग काय गुंडाळलं?"

"बिया मिरचीच्या आहेत. तार फ्यूजची. फियाटच्या पुढच्या चाकामागे काही बांधलं तर ते तसंच लटकत राहतं, कारण तिथे फिरणारा एक्सल नाही. या गाडीत आहे. कोणीतरी जुन्या सवयीने जुन्याच जागी बांधत राहिलं." त्याने तारेचा तुकडा टेबलावर ठेवला. "तार या घरातली आहे. आणि दत्ताराम या घरात कधी येत नाही."

आजगावकर बायकोकडे वळले.

"दर शनिवारी," वनमालाबाई म्हणाल्या. "तुम्ही आंघोळीला गेलात की. तुम्हाला दिसू नये म्हणून चाकामागे. सुकलं की लिंबू-मिरची ओढून काढायची, तार तिथेच राहायची. तुम्ही सुखरूप घरी यावं, एवढंच होतं." त्यांनी प्लास्टरमधला हात पोटाशी घेतला. "रबर कापलंय म्हणालात, तेव्हाच मला कळलं. आठ दिवस गप्प बसले. त्याला पोलीस नेणार होते, तरी गप्प बसले."

"वैनींना मी बघितलं होतं," दत्ताराम बाहेरूनच म्हणाला. "फियाट होती तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?" आजगावकर ओरडले.

"तुम्ही त्यांना हसला असता, साहेब. आणि ग्रीस तर मीच पुसत होतो."

आजगावकरांनी तक्रारीचा कागद घडी घालून घालून अगदी लहान केला. मग ते दारापर्यंत गेले.

"आत ये, दत्ताराम. बस."

दत्तारामने गॅरेजला गाडी न्यायला त्याच्याकडे ठेवलेली दुसरी चावी खिशातून काढली, चौदा वर्षं द्यायचा तशी दारातच त्यांच्या हातात दिली आणि चपला सरकवत जिना उतरू लागला.