मिरवाल चॉकलेटची भिंत

ऑगस्टातला शनिवार, भर दुपार. अर्धंअधिक नांत शहर समुद्रावर गेलेलं, आणि सोलांज केरब्रा मात्र बादली-स्पंज घेऊन मिरवाल चॉकलेटच्या बंद कारखान्यात शिरली. जाहिरातींची जुनी पोस्टरं भिंतीवरून न फाटता सोडवायची, हे तिचं तीस वर्षांचं काम. इथलं पोस्टर शंभर वर्षांपूर्वीचं. पॅरिसमधल्या एका दुकानाला त्याच्या प्रती छापून विकायच्या होत्या.

"मादाम, भिंती खरवडायला आजचाच मुहूर्त सापडला?" जिना चढताना रखवालदार ल गॉफला धाप लागली होती.

"परवा कारखाना पाडताहेत. मग काय विटा छापू?"

"बरं बाई. मी खाली फाटकाशी आहे. हाक मारा."

तिसऱ्या मजल्यावरची ती खोली बिनखिडकीची. दिव्याच्या उजेडात पोस्टर देखणं दिसत होतं. पिवळ्या झग्यातली तरुण बाई कपात चॉकलेट ओततेय, तिच्यामागे बंद दार. सोलांजने शिडी लावून कागद भिजवला, खळ सैल झाली, पोस्टर सुटून आलं. खाली पुन्हा तेच पोस्टर. जुन्यावर नवं चिकटवायची रीतच होती, तिला नवल वाटलं नाही. पण या पोस्टरात ती बाई ओतायचं थांबून दाराकडे बघत होती.

तिसऱ्यात ती दाराशी उभी होती, पाठमोरी.

चौथ्यात दोन्ही तळहातांनी दार बडवत होती.

पाचव्यात, सगळ्यात खालच्या कागदावर, बाई नव्हती. दारही नव्हतं. नुसती पिवळी भिंत.

 खाली जावं म्हणून सोलांज वळली, तर शिडी नाही, बादली नाही... खोलीला दार नाही. चारी बाजूंना सपाट पिवळा रंग. जवळून पाहिलं, तर त्यात छपाईचे बारीक ठिपके.

गरम चॉकलेटचा वास नाकातोंडात भरू लागला.

"ल गॉफ!"

बूट वाजले. अगदी कानाशी, जणू कागदापलीकडे.

"मादाम?... शिडी आहे, बादली आहे. ही बाई गेली कुठे?"

"इथे! अहो, इथेच आहे मी!" तिने तळहात बडवले. भिंत लिबलिबली, पण आवाज उमटला नाही.

"न सांगता गेल्या वाटतं," तो पुटपुटला. बूट दूर गेले.

ती मटकन खाली बसली. रडू फुटलं. मग हातातला स्पंज अजून ओला आहे, हे तिच्या ध्यानात आलं. फाडायचं नाही, ओढायचं नाही, भिजवून वाट बघायची... तिने एक कोपरा भिजवला. शंभरपर्यंत मोजलं. कडेखाली नख घातलं आणि सावकाश सोलत गेली.

ती खोलीतल्या फरशीवर कोसळली, तेव्हा ल गॉफ दिवा मालवायला पुन्हा वर आला होता.

"देवा! अहो, होता कुठे तुम्ही? दोन तास झाले, मला वाटलं घरी गेलात!"

 तिने बोटाने भिंत दाखवली.

तिची कहाणी ऐकूनही त्याचा विश्वास बसला नाही. रविवारी त्याने हट्टाने तो शेवटचा कागद सोडवला. सोलांज उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. त्याने कागद उलटा केला आणि उंबऱ्याशी तिच्यापुढे आणून धरला.

शंभर वर्षं भिंतीला चिकटलेल्या त्या पाठीवर दोन तळहातांचे ठसे होते. सोलांजने कागदाला न टेकवता आपला पंजा त्यांच्यासमोर धरून पाहिला. माप जुळलं.

त्यांच्या शेजारी ठशांची आणखी एक जोडी होती, जराशी लहान. त्या जोडीतली खळ अजून ओली होती.